दोघांची सहल, अख्ख्या घरासकट

म्हैसमाळच्या टोकावर आता लोखंडी कठडा बसवलाय. कठड्याजवळ बदामाच्या आकाराची एक भलीमोठी लाल चौकट उभी आहे. तिच्या आत उभं राहून जोडपी फोटो काढून घेतात, आणि शनिवार-रविवारी तिच्यापुढं रांग लागते. गेल्या शनिवारी आम्ही दोघंही त्या रांगेत उभे राहिलो. आमचे हे थोडे कुरकुरले. म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील." मी म्हटलं, "त्यांना सांगा, आमचा नंबर आहे."

भाद्रपद संपत आलेला. गवत गुडघ्यापर्यंत, गवतात तेरड्याचा गुलाबी रंग, आणि वाऱ्याबरोबर कुठून तरी कणसं भाजल्याचा वास. ढग इतके खाली की बोलताना तोंडात जातील असं वाटावं. संभाजीनगरातून तासाभरात माणूस इथं पोचतो. वाळूजच्या कंपन्यांतली पोरं आणि सिडकोतल्या पोरी दुचाकीवरून येतात, पोरीनं मागून पोराच्या जाकिटाच्या खिशात हात घातलेले असतात. वाटेत 'खास जोडप्यांसाठी' असे फलक लागलेत. आम्ही उतरलो होतो त्या ठिकाणी पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या पसरल्या होत्या आणि टॉवेलांचे दोन हंस एकमेकांच्या चोचीला चोच लावून बसवले होते. मी एका हंसाची मान सरळ करून पाहिली. ती परत वाकली. माणसानं मन लावून काम केलं होतं.

म्हैसमाळ म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे, हे मला पुण्याच्या पाहुण्यांनी आजवर बऱ्याच वेळा समजावून सांगितलंय. मीही त्यांना तितक्याच शांतपणे समजावते की महाबळेश्वर म्हणजे काही म्हैसमाळ नव्हे.

रांगेत आमच्या पुढं एक नवं जोडपं होतं. मुलीच्या हातात अजून हिरवा चुडा. तिनं दोन-तीनदा मागं वळून आमच्याकडं पाहिलं आणि मग धीर करून विचारलं, "काकू, तुम्ही लग्न झाल्यावर कुठं गेला होता फिरायला?"

"इथंच."

"दोघंच?"

हे खोकले. रांग लांब होती, आणि मला कुणी गोष्ट सांगायची संधी दिली तर मी ती सोडत नाही. तिला सांगितली ती अशी.

*

मी वैजापूरची. तिथली जमीन पाटासारखी सपाट. आमचं घर मार्केट यार्डाला लागून होतं. कांद्याच्या हंगामात अख्ख्या गल्लीच्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर पांढरे पुंजके अडकायचे. आम्ही पोरी ते वेचून बाहुलीच्या उशा भरायचो. डोंगर म्हणजे आमच्या लेखी आभाळाच्या कडेला ओढलेली एक निळसर रेघ. शाळेच्या खिडकीतून मी ती रेघ बघत बसायचे. तिच्यावर माणसं चढू शकतात, राहू शकतात, तिथं भजी तळू शकतात, हे मला लग्न होईपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

लग्न होऊन मी औरंगपुऱ्यातल्या तीन खोल्यांच्या घरात आले. तेव्हा शहराचं नावही वेगळं होतं आणि माझंही. घरात सासरे म्हणजे नाना, सासूबाई म्हणजे माई, पैठणला दिलेल्या पण आता भावाकडंच राहणाऱ्या कमलआत्या, आणि हे. मधली खोली आम्हा दोघांना दिली होती. तिला दार नव्हतं, पडदा होता. जांभळ्या फुलांचा, धुवून धुवून विरलेला. पडद्याच्या अलीकडं आम्ही, पलीकडं आत्यांची गादी. मी ह्यांना काही कुजबुजायला लागले की पडदा बोलायचा, "काय गं, पाणी पाहिजे का?"

त्या घराचा एक रिवाज होता. कुणीही, कुठंही, एकटं जात नसे. शिंप्याकडं जायचं तर सोबत, दाढ काढायला जायचं तर सोबत, स्टेशनवर पाहुण्यांना आणायला जायचं तर सोबत. 'सोबत' हे त्या घरात जवळजवळ पद होतं. सकाळी चहाला नाना विचारायचे, "आज कोण कुठं? आणि सोबत कोण?" यात पहारा नव्हता, संशय नव्हता. माणूस एकटं बाहेर पडलं की ते अपुरं दिसतं, एवढीच त्यांची समजूत. आणि नवं जोडपं म्हणजे दोन माणसं असतात हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या हिशोबी ते एकच, आणि तेही कच्चं.

तर, गौरी जेवून गेल्या त्याच आठवड्यात माझा भाऊ वैजापूरहून भेटायला आला. निघताना मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "पाचोडच्या शाळेतून निरोप आलाय. गणिताच्या बाई सोडून गेल्या. तुझी मुलाखत त्यांच्या लक्षात आहे. येत्या सोमवारी हजर झालीस तर जागा तुझी, नाहीतर यादीतल्या पुढचीला बोलावतील."

मी लग्नाआधी ती मुलाखत दिली होती आणि विसरूनही गेले होते. म्हणजे विसरले असं सगळ्यांना सांगितलं होतं.

आता प्रश्न असा होता की हे घरात विचारायचं कसं. नाना वाईट नव्हते, लई गोड माणूस. पण सरकारी कचेरीत जन्मभर अव्वल कारकून होते. आलेला अर्ज आधी नामंजूर करायचा, माणूस खरंच गरजू असेल तर पुन्हा येईल, अशी त्यांची कामाची रीत. ती त्यांनी घरी आणली होती. मात्र घरात पुन्हा अर्ज करायची पद्धत नव्हती. नाना चारचौघांत एकदा 'नाही' म्हणाले की तो विषय माळ्यावर जायचा. आणि त्या घरातली सून रोज एसटीनं पन्नास किलोमीटरवर जाऊन पोरांना भूमिती शिकवते, असं तोवर कधी झालं नव्हतं.

म्हणून मी मनाशी ठरवलं, आधी ह्यांना एकटं गाठायचं. ह्यांना पटलं की हेच नानांना सांगतील, "नाना, ही सोमवारपासून शाळेत जातेय." विचारायचं नाही, सांगायचं. सांगितलेल्या गोष्टीला नामंजुरी नसते. पण त्यासाठी ह्यांच्याशी अर्धा तास बोलायला हवं होतं, आणि लग्नाला चार महिने होऊनही तसा अर्धा तास मला मिळालेला नव्हता. दिवसा हे चिकलठाण्याच्या कंपनीत. संध्याकाळी घरभर माणसं. नंतर पडदा.

आणि काय योग, त्याच गुरुवारी जेवताना ह्यांनी वरणाकडं बघत सांगितलं, "नाना, कंपनीला शनिवारी सुट्टी आहे. म्हैसमाळला जाऊन यावं म्हणतो. रात्रभर राहून रविवारी परत. आम्ही दोघं."

माझ्या हातातली पळी थांबली. आयुष्यात मला एवढं रोमँटिक कुणी काही बोललं नव्हतं, तेही वरणाला उद्देशून.

"दोघं? नाही," नाना म्हणाले. "घाटात गाडी बंद पडली तर ढकलणार कोण?"

"एसटीनं जाऊ."

"एसटी बंद पडत नाही का? तिला तर जास्त माणसं लागतात." नानांनी एक घास खाल्ला आणि त्यांचा चेहरा उजळला. "सगळेच जाऊ. गिरिजामातेची ओटीही राहिलीय. माई, इंतजाम चोख पाहिजे. मी भाड्याच्या ट्रॅक्स गाडीचं बघतो."

अशी आमची दोघांची सहल ठरली.

*

ट्रॅक्स शनिवारी सकाळी दारात उभी राहिली. चालवणाऱ्याला सगळे मामू म्हणत. माई आणि आत्यांनी आदल्या दिवसापासून तळण घातलं होतं. घरातून बाहेर पडताना आमच्याबरोबर शेव, पुऱ्या, दशम्या, दाण्याची चटणी, लोणच्याची बरणी, स्टोव्ह, सतरंज्या आणि एक घडीची खुर्ची एवढं निघालं. "जोडीनं पुढं बसा," असा मान आम्हाला मिळाला. मानाचा अर्थ असा की मागच्या बाकांवरून सगळ्यांना आमच्या दोघांच्या माना दिसत होत्या.

दौलताबादच्या घाटातली ती जुनी वेस अजून तशीच आहे. तिच्यातून गाडी जाते तेव्हा दोन्ही बाजूंचे दगड खिडकीला घासतील असं वाटतं आणि सगळे क्षणभर गप्प होतात. मी तो क्षण हेरला आणि ह्यांच्या कानाशी वाकले. "अहो, मला जरा—" आणि मागून माईंचा हात आमच्या दोघांच्या मधून पुढं आला. हातात तिखटमीठ लावलेली पेरूची फोड. "घ्या, किल्ल्यापाशी घेतले, गोड आहेत." ती फोड संपेपर्यंत वेस मागं पडली. खुलताबाद आलं. पांढरे घुमट, लोबानाचा वास, रस्त्यावर शेळ्या. मी पुन्हा वाकले, पुन्हा फोड आली. त्या प्रवासात मी किती पेरू खाल्ले याचा अंदाज मामूला असेल. तो आरशात बघून हसत होता.

मग चढ सुरू झाला. माझ्या शाळेच्या खिडकीतली ती रेघ फुटून तिच्यातून एकेक गोष्ट बाहेर पडायला लागली. झाडं, ओहोळ, वळणावर उभी राहिलेली एक काळी म्हैस, सोनकीच्या पिवळ्या फुलांचा उतार. हवा कान गार करायला लागली. नाना मागून म्हणाले, "बघ सूनबाई, हा आपला डोंगर," आणि तेही अशा सुरात की जणू सातबाऱ्यावर त्यांचंच नाव होतं. मला त्यांचं हसू आलं नाही. मलाही तो त्याच क्षणी आपला वाटला होता.

गिरिजामातेच्या देवळात ओटी भरली. खणाचा नवा वास, नारळाचं पाणी, चिंब ओल्या फरशीवर हळदीकुंकवाचे पाय उमटलेले. गुरव म्हणाले, "जोडीनं प्रदक्षिणा घाला." उपरण्याला पदराची गाठ मारली आणि आम्ही निघालो. गाभाऱ्यामागं अरुंद अंधारी वाट होती. दोन्ही बाजूंना दगड, समोर कुणी नाही, मागं कुणी नाही. देवीनंच वाट करून दिली असं मानून मी थांबले. गाठीमुळं ह्यांनाही थांबावं लागलं.

"अहो, मला पाचोडला—"

"चाला, चाला," अंधारातून आवाज आला. "मी हाय मागं. पाय सरकंल, जपून." कमलआत्या. त्यांनी आमच्यामागं पाच पावलांवरून स्वतःची प्रदक्षिणा सुरू केली होती. नव्या जोडीला सोबत.

ह्यांनी सरकारी विश्रामगृहात एक खोली सांगून ठेवली होती. नानांनी जाऊन दुसरी मिळवली आणि चोख इंतजाम केला. एका खोलीत पुरुष, एका खोलीत बायका. तर माझ्या पहिल्या डोंगरातल्या मुक्कामाला मी माई आणि कमलआत्या यांच्यामधे झोपले. रजईला डांबरगोळ्यांचा वास होता. बाहेर धुकं खिडकीला नाक लावून उभं होतं. एका बाजूनं माई आणि दुसऱ्या बाजूनं आत्या, दोघी आपापली रजई अर्धी माझ्यावर टाकून झोपल्या. मी रडावं की हसावं याचा विचार करता करता इतकी गाढ झोपले की तशी झोप औरंगपुऱ्यात कधी लागली नव्हती.

*

रविवारी सकाळी कमलआत्या स्टोव्हवर चहा उकळत होत्या. रॉकेलचा वास, आल्याचा वास, ओल्या गवताचा वास. मी कप धुवत होते. आत्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "कालधरनं तोंडात काय धरून बसलीस?"

"काही नाही."

"नाय कसं? सारखं तोंड उघडलंस अन् सारखं मिटलंस. गाडीतबी, देवळातबी."

"ह्यांच्याशी थोडं बोलायचं होतं."

"मग बोल की."

"सगळ्यांसमोर नाही बोलता येणार."

आत्यांनी चहा गाळला. गाळणं झटकलं. नीट विचार केल्यावर म्हणाल्या, "व्हय. आसतं तसं." बस. पुढं काही विचारलं नाही.

टोकावर तेव्हा कठडा नव्हता. गवत संपायचं आणि दरी सुरू व्हायची. खाली वेरूळच्या बाजूची शेतं गोधडीच्या ठिगळांसारखी, त्यांच्यावरून ढगांच्या सावल्या सरकत होत्या. आत्यांनी कडेपासून बऱ्याच अंतरावर सतरंजी अंथरली, स्वतः तिच्यावर बसल्या, तोंड गावाकडं आणि पाठ दरीकडं. मग एकेकाला हाताला धरून तसंच बसवायला लागल्या.

"अगं, दरी तिकडं आहे," नाना म्हणाले.

"ठावं हाय."

"मग तिकडं पाठ करून कशाला बसायचं? दरी बघायला आलो ना आपण?"

"दरी काय पळून चालली? तू ल्हानपणापास्नं बघतोस. नव्या जोडीला बघू दे. आपण डबा बघू."

नाना भावाच्या अधिकारानं काहीतरी बोलणार होते, पण आत्या त्यांच्याहून मोठ्या होत्या. ते घडीच्या खुर्चीत बसले, दरीकडं पाठ करून. त्यांच्या शेजारी माई. त्यांच्या पलीकडं आत्या. मामू गाडी पुसत होता, त्यालाही बोलावलं. "मामू, तुमीबी इकडं तोंड करा." तोही बसला.

आजही डोळे मिटले की मला त्या चार पाठी दिसतात. नानांचा माईंनी विणलेला तपकिरी स्वेटर, भाद्रपदातही घातलेला. माईंच्या अंबाड्यावर अबोलीची वेणी, कालची, थोडी सुकलेली. आत्यांचं जुनं नऊवारी लुगडं, खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेलं. मामूचा चौकड्यांचा सदरा, वाऱ्यानं फुग्यासारखा फुगलेला. माझ्या आईवडिलांनी लग्नात भांडी दिली, पाहुण्यांनी घड्याळं दिली. सासरनं मला त्या दिवशी चार पाठी दिल्या.

आम्ही दोघं कडेला गेलो. हे दरीकडं बघत होते आणि मी ह्यांच्याकडं. मी हळू आवाजात म्हटलं, "मला पाचोडच्या शाळेत नोकरी मिळतेय."

वारा. म्हैसमाळचा वारा ज्यांनी खाल्लाय त्यांनाच कळेल. शब्द ओठांवरून उचलून नेतो.

"काय?" हे म्हणाले.

"पाचोडला. नोकरी."

"कोण?"

"मी."

"ऐकू येत नाही."

मग माझ्यात काय संचारलं देव जाणे. चार महिन्यांचा पडदा, पेरूच्या फोडी, गाभाऱ्यामागची अंधारी वाट, सगळं एकदम घशाशी आलं. मी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावर पोचेल अशा आवाजात ओरडले, "मला पाचोडच्या शाळेत नोकरी लागलीय. गणित शिकवायचं. उद्या हजर व्हायचंय, नाहीतर जागा जाईल. मला जायचंय. तुम्हाला चालेल का?"

आणि त्या घडीला वारा पडला.

इतकं शांत झालं की खालच्या शिवारातल्या बैलाची घंटा ऐकू आली. ह्यांचं तोंड उघडं. मी हळूच मान वळवली. माईंचा हात डब्यातून पुरी घेऊन वर येत होता, तो मधेच थांबला होता. नानांची मान स्वेटरात थोडी आत गेली होती. कुणीही वळलं नाही. एकही पाठ हलली नाही. कारण ते ऐकायला बसलेच नव्हते, डबा बघायला बसले होते.

मी मनात म्हटलं, संपलं. नानांच्या कानावर गेलं, आता 'नाही' येणार.

नानांनी खाकरून घसा साफ केला. समोरच्या गवताकडं बघत म्हणाले, "मामू, बीडकडं जाणारी पहिली गाडी पाचोडला थांबते का हो?"

"थांबते ना साब," मामू गवताकडं बघत म्हणाला. "सब गाड्या थांबते."

"किती वाजता सुटत असेल?"

"अंधेरे में सुटती. फज्रकी नमाज के बाद."

मग माई पुरीशी बोलल्या. "एवढ्या पहाटे डबा द्यायचा म्हणजे कणीक आदल्या रात्रीच मळून ठेवावी लागेल."

"म्या करीन," आत्या म्हणाल्या. "दशम्या टिकत्यात."

"आणि त्या गावाला पाण्याचं कसंय?" नानांचा प्रश्न, पुन्हा गवताला. "बाजाराचं मोठं गाव आहे म्हणा. हरकत नाही. पण पहिल्या दिवशी एकटं जाणं बरं नव्हे."

"त्ये तर हायच," आत्या म्हणाल्या. "सोबत पाहिजेच."

"मी जाईन. मला काय, रिटायर माणूस."

आम्ही दोघं कडेवर उभे होतो आणि तिकडं सतरंजीवर माझ्या नोकरीचा चोख इंतजाम चालला होता. कुणी मला काही विचारलं नाही, कुणी परवानगी दिली नाही, कुणी आशीर्वादही दिला नाही. नानांकडं अर्जच आलेला नव्हता, तर ते नामंजूर काय करणार? जे त्यांनी ऐकलंच नव्हतं त्याची व्यवस्था मात्र त्यांनी बसल्या जागेवरून, पाठ न वळवता, पूर्ण लावली. मग वारा पुन्हा सुटला आणि माईंनी हाक मारली, "या आता दोघं, पुऱ्या मऊ पडतायत."

सोमवारी पहाटे मध्यवर्ती बसस्थानकावर मी आणि नाना. नाना कडक इस्त्रीचा शर्ट, टोपी आणि मांडीवर माझा डबा अशा थाटात खिडकीशी बसले. पाचोडच्या शाळेत त्यांना पाहून मास्तर लोक उठून उभे राहिले. तपासणीला कुणी आलंय असं त्यांना वाटलं. नानांनी तो गैरसमज दूर करायची घाई केली नाही. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत शाळा सुटेपर्यंत बसले, चहा प्याले, आणि हजेरीपटावर माझं नाव नीट लिहिलंय ना ते बघून आले. आठवडाभर हे असं चाललं. शनिवारी त्यांनी कंडक्टरच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "ही आमची सून. गणित शिकवते. आता तुम्ही सोबत."

पुढं किती कंडक्टर बदलले. जाणारा येणाऱ्याला माझी ओळख करून द्यायचा, "या पाचोडच्या बाई." बाजाराच्या दिवशी गाडीत मिरच्यांच्या पोत्यांनी ठसका लागायचा, कोंबड्यांच्या टोपल्या पायाशी यायच्या, आणि तरी माझी खिडकीची जागा कुणी घेत नसे. आज त्या गावात दुकानात गेलं तर गल्ल्यावरचा माणूस उभा राहतो, कारण त्याला मी कधीतरी त्रिकोणमितीसाठी उभं केलेलं असतं. आता त्याच शाळेत मी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसते. नाना गेले, आत्या गेल्या, माईही गेल्या. औरंगपुऱ्याच्या त्या जागेवर पाच मजले चढले. आमचा फ्लॅट उल्कानगरीत. त्यात आम्ही दोघंच, आणि प्रत्येक खोलीला दार आहे.

*

गोष्ट संपली तेव्हा आम्ही चौकटीच्या अगदी जवळ आलो होतो. चुडेवाली मुलगी इतकी रंगली होती की तिच्या नवऱ्यानं दोनदा तिला पुढं ढकललं. तिनं ओढणीनं डोळ्यांच्या कडा पुसल्या, हसली, आणि म्हणाली, "काकू, लई भारी होते तुमच्या घरचे."

"होतेच," मी म्हटलं. माझी छाती एवढी फुगली होती की बदामात मावले नसते.

"पण काकू, काका काय म्हणाले?"

"कधी?"

"तुम्ही विचारलं ना त्यांना, चालेल का म्हणून. नाना बोलले, माई बोलल्या, आत्या बोलल्या, मामूपण बोलले. काका काय म्हणाले?"

उत्तर द्यायला मी अख्खी गोष्ट पुन्हा मनात धुंडाळली. ही गोष्ट मी लग्नांत सांगितलीय, बारशांत सांगितलीय, स्टाफरूममध्ये तर नकलांसकट दरवर्षी सांगते. त्यात ह्यांचं वाक्यच नव्हतं. त्या दिवशी विचारलं होतं फक्त ह्यांना, आणि उत्तर सगळ्यांनी दिलं, ह्यांना सोडून. नंतर पुऱ्या झाल्या, सोमवार झाला, अख्खा जन्म सरला.

मी ह्यांच्याकडं वळले. हे शेजारी उभे राहून कणीस खात होते. एकेक ओळ, सरळ, कंपनीत मोजमाप केल्यासारखी.

"अहो, खरंच. तुम्ही काय म्हणणार होता?"

"केव्हा?"

"तेव्हा. इथं. मी ओरडले तेव्हा."

ह्यांनी कणसाची ओळ पूर्ण केली. "खरं सांगू?"

"सांगा."

"मी म्हणणार होतो, नानांना विचारून सांगतो."

मुलीनं तोंडावर हात ठेवला. तिचा नवरा, जो इतका वेळ मोबाइलमध्ये होता, त्यानंही मान वर केली.

मी मनात गणित मांडलं. माझा तो धंदाच आहे. त्या रविवारी आम्ही इथं खरोखरच दोघं असतो, जसं मला हवं होतं तसं, पाकळ्यांवर आणि हंसांवर, तर हे मला प्रेमानं म्हणाले असते, विचारून सांगतो. घरी पोचून जेवताना, वरणाकडं बघत, नानांना विचारलं असतं. आणि नानांना विचारलं की नाना काय म्हणायचे?

"नाही म्हणाले असते," हे म्हणाले. मी मोठ्यानं विचार करत होते बहुतेक.

"म्हणजे गेली असती माझी नोकरी."

"गेलीच असती." ह्यांनी कणसाचा दांडा टोपलीत टाकला आणि हात रुमालाला पुसले. मग माझ्याकडं न बघता, दरीकडं बघत म्हणाले, "म्हणून तर मी तेव्हा जेवताना सगळ्यांसमोर विषय काढला. मला माहीत होतं, सगळेच निघतील."

ही शुद्ध थाप. त्या गुरुवारी ह्यांना पाचोडचं काहीही माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे ह्यांना माहीत आहे. पण इतक्या वर्षांनी एखाद्या नवऱ्यानं बायकोसाठी भर गर्दीत, चेहऱ्यावरची रेघ न हलवता एवढी देखणी थाप मारावी, याहून प्रेमाचं बोलणं मी तरी त्या डोंगरावर ऐकलेलं नाही.